सातशे बारावी ओळ

"सर, तुम्ही या ओळीभोवती एवढा गोल का केलाय?"

हर्षदानं लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. पडद्यावर मी तपासून दिलेल्या कागदांचं स्कॅन होतं. पान एकतीस, ओळ सातशे बारा, आणि तिच्याभोवती चांगला ठसठशीत काळा गोल.

मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता, पण वेळ काढायचा असला की मी चष्मा पुसतो. मग मी गोलाकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं आणि म्हणालो, "तुला काय वाटतं?"

उत्तर येत नसलं की हे विचारावं. समोरचा निम्मं उत्तर स्वतःच देतो.

"ही फ्लशची ओळ आहे," ती म्हणाली. "रखवालदाराला विसरायला लावायची."

इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भलतीकडेच निघाला.

मिरजेच्या एमआयडीसीत तेव्हा मगदूम यंत्रालय नावाचा कारखाना होता. आम्ही बेदाणा निवडायचं यंत्र बनवत होतो. पट्ट्यावरून बेदाणा पळतो, वरून कॅमेरा बघतो, संगणक ठरवतो की हा सोनेरी, हा काळा, याचा देठ राहिलाय. आणि बाद दाण्याला बारीक नळीतून हवेचा फटका बसतो. गेला तो टोपलीत. कारखान्याच्या सॉफ्टवेअर विभागात आम्ही तिघं होतो: हर्षदा तांबवेकर, मी आणि स्कॅनर. हर्षदा सव्वीस वर्षांची, मी छप्पन्न, आणि स्कॅनरचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला रंग दिसत नसत. लाल पेन्सिल असो की हळद, तो सगळं काळंच दाखवायचा.

यंत्राचा संगणक लिनक्सवर, म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेल्या प्रणालीवर चालायचा, आणि कॅमेऱ्याची चित्रं थेट संगणकाच्या मेमरीत टाकणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम हर्षदानं लिहिला होता. आता मेमरी म्हणजे एक मंगल कार्यालय समजा. खोल्याच खोल्या. कॅमेरा म्हणजे वऱ्हाडाचा टेम्पो, येईल तसं सामान खोलीत फेकणारा. तो चुकून वधूपक्षाच्या खोलीत शिरला तर शालूंवर चपलांची पोती पडतील. म्हणून दारावर एक चिप असते. ती रखवालदार. कुणाला कुठली खोली दिलीय ते वहीत लिहिलेलं असतं आणि रखवालदार ते पाहून आत सोडतो. पण प्रत्येक वेळी वही कोण उघडणार? म्हणून तो शेवटची थोडी नावं तोंडपाठ ठेवतो. खोली दुसऱ्याला द्यायची झाली की वहीतलं जुनं नाव खोडायचं, आणि मग रखवालदाराला सांगायचं, बाबा रे, पाठ केलेलंही विसर. सातशे बारावी ओळ हे सांगायची.

हे मंगल कार्यालय मीच हर्षदाला पहिल्या दिवशी समजावलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे त्या चिपला रखवालदारच म्हणत.

"वहीतलं नाव आधी खोडलंयस ना?" मी विचारलं.

"हो. सातशे नवव्या ओळीत."

"मग पुन्हा रखवालदाराच्या कानात जाऊन ओरडायचं कशाला? तो काय बहिरा आहे?"

"पण सर, चिपच्या पुस्तकात लिहिलंय की..."

"पुस्तक लिहिणारा कधी मिरजेत आलाय?"

"नाही."

"मग!"

त्या 'मग'नं काय सिद्ध झालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण माझ्या वयाला आणि मिशीला तो शोभला. हर्षदा खालचा ओठ चावत उभी राहिली.

"काढते सर. पण त्यामुळं काही घोटाळा झाला तर?"

"झाला तर ही उतरवीन," मी मिशीवर बोट ठेवून म्हणालो.

ती मिशी साधी नव्हती. तिचं डावं टोक सांगलीकडं होतं आणि उजवं कोल्हापूरकडं. एकदा एसटीत कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं. मी दिलं नाही, कारण ती तेव्हा पाच वर्षांखालची होती.

हर्षदानं ओळ काढली. लिनक्सच्या जगात असा प्रत्येक बदल एका टपाल-यादीवर मांडावा लागतो. जगभरातली माणसं तो वाचतात आणि तिथं एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. बदलाखाली तीन नावं असतात: लिहिणारा, सुचवणारा, तपासणारा. हर्षदानं 'सुचवणारा' या जागी व्ही. देशिंगकर असं लिहिलं होतं.

"पूर्ण लिही," मी म्हणालो. "वसंत रामचंद्र देशिंगकर. जगात व्ही. बरेच असतील."

यंत्र शंभरात चारनं जलद पळायला लागलं. मालक मगदूमशेठ स्वतः भडंगाची पिशवी घेऊन आमच्या खोलीत आले. "देशिंगकर, एक वळ काढली आनि येवढा फरक? आजून चार-पाच वळी काढा की ओ!"

मी मान तिरकी करून हसलो. हर्षदा हसली नाही. ती चिपचं पुस्तक चाळत होती.

महिन्याभरानं तासगावात बेदाणा व्यापाऱ्यांचा मेळावा होता. मगदूमशेठनी यंत्र टेम्पोत घालून नेलं आणि सभागृहात मंचासमोरच मांडलं. अध्यक्ष होते तात्यासाहेब हिंगमिरे. त्यांनी मान हलवली की तालुका यंत्र घेणार, नाही हलवली की आम्ही सगळे भडंग विकायला मोकळे. अकरा महिन्यांची मेहनत त्या एका मानेवर लटकत होती. शेठना त्या सकाळी एक कल्पना सुचली.

"आनकी एक कॅमेरा मंचाकडं लावा. पाव्हण्यांची तोंडं मोठ्या पडद्यावर दिसली की पाव्हणं खूश."

"दादा, आपण दोन कॅमेरे एकदम कधी चालवले नाहीत," हर्षदा म्हणाली.

"मग आज चालवू."

तात्यासाहेबांनी कळ दाबली. पट्टा सुरू झाला. सोनेरी बेदाणा इकडे, काळा तिकडे, देठवाला खाली. टाळ्या पडल्या. तात्यासाहेबांची मान हलायच्या बेतात आली. मी पाहिलं, नुसतीच बेतात नव्हे, हनुवटी निघाली होती. तेवढ्यात मगदूमशेठना वाटलं, मंचावर बसलेल्या तात्यासाहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेबही पडद्यावर दिसाव्यात. त्यांनी रिमोटनं मंचाचा कॅमेरा बंद केला, पुन्हा सुरू केला आणि मंचावरून फिरवत नेला.

म्हणजे काय झालं, तर मंचाच्या कॅमेऱ्याला नव्या खोल्या मिळाल्या आणि त्याच्या जुन्या खोल्या पट्ट्याच्या कॅमेऱ्याकडे गेल्या. वहीत तसं नीट लिहिलंही गेलं. पण रखवालदाराला 'विसर' म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. मंचाचं सामान घेऊन टेम्पो सवयीनं जुन्याच दारात आला आणि रखवालदार म्हणाला, या की पाव्हणं, ओळखतो तुम्हाला.

यंत्राच्या पडद्यावर बेदाणा दिसायचा बंद झाला. तिथं तात्यासाहेबांचं तोंड आलं. तोंडाभोवती लाल चौकट आली. चौकटीखाली अक्षरं आली:

तिसरी प्रत. सुरकुत्या जास्त. बाद.

सभागृहात कुणीतरी खोकलं.

पाठोपाठ मेळाव्याचे चिटणीस आले. 'रंग काळपट. पुन्हा धुवा.' मग वहिनीसाहेब आल्या, आणि चौकट हिरवी झाली. 'सोनेरी. पहिली प्रत. निर्यातीस योग्य.' वहिनीसाहेबांनी पदर सावरला.

मी यंत्र बंद करायला मंचापुढं धावलो. ती चूक झाली. पडद्यावर मी आलो, मिशीसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

'देठ काढलेला नाही.'

आता यंत्राच्या दृष्टीनं पट्टाभर एकच प्रचंड दाणा पडला होता, आणि तो देठासकट होता. अशा दाण्याला फटका कुठल्या नळीनं मारायचा? यंत्र प्रामाणिक होतं. त्यानं ऐंशीच्या ऐंशी नळ्या एकदम सोडल्या.

बेदाणा उडाला. तो छताच्या पंख्यांवर गेला आणि पंख्यांनी तो कुठलाही भेदभाव न करता सगळ्यांना वाटला. फेट्यांत गेला, समयांत गेला, माईकमध्ये गेला. चिटणीसांचं तोंड 'अहो' म्हणायला उघडलं होतं, तिथं गेला आणि त्यांनी तो खाल्ला. पलीकडच्या शाळेत मुलांनी दोन दिवस डबाच आणला नाही म्हणतात. मी शाळेत जाऊन विचारलेलं नाही, त्यामुळं शपथ घेत नाही.

 परतीच्या टेम्पोत मगदूमशेठ अधूनमधून कानातून एकेक बेदाणा काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आमच्या दारात उभे राहिले. "ही चूक कुणाची हाय ते मला कळाय पायजे. ज्याची आसंल त्याचा आज पाच वाजता शेवट. शब्द हाय माझा."

हर्षदानं वीस मिनिटांत शोधून काढलं. मी तोवर मिशीला पीळ देत खिडकीपाशी उभा होतो. मला चार मिनिटांतच कळलं होतं, पण घाई कशाला?

"दादा, एक ओळ काढल्यामुळं झालं," ती म्हणाली.

"कुणी काढली?"

"मी. माझ्याच हातानं."

"का?"

"गरज नाही असं वाटलं."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओळ काढली म्हणून त्यांनी भडंग कुणाला दिलं होतं ते त्यांना आठवतं का, हे मी त्यांच्या तोंडावर शोधत होतो. आठवत नव्हतं. त्यांच्या कानात बहुतेक अजून बेदाणा होता.

"पाच वाजता केबिनमधी ये, पोरी," ते म्हणाले आणि गेले.

अकराच्या सुमाराला तिची दुरुस्ती माझ्याकडे तपासायला आली. सहा ओळींचा बदल. खाली खुलासा: 'ही ओळ आधीच्या बदलात चुकून काढली गेली. चूक: हर्षदा तांबवेकर.' बाकी कुणाचं नाव नाही. मी 'तपासलं' म्हणून सही केली की दुरुस्ती यादीवर जाणार, पाच वाजता ती घरी जाणार आणि मी माझ्या खुर्चीत राहणार. मिशीही राहणार.

मी तिच्या टेबलापाशी गेलो. ती सामान आवरत होती. चिपचं पुस्तक पिशवीत घालावं की ठेवावं, याचा विचार चालला होता.

"हा खुलासा अर्धाच आहे," मी म्हणालो.

"सर, करा सही. तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. मला मिळेल कुठंतरी."

"आणि मिशीचं काय?"

"राहू दे ती. ती गेली तर एसटीत तुम्हाला जागा कोण देणार?" ती जराशी हसली. मग म्हणाली, "आणि खरं सांगू सर? तुम्ही गोल केला म्हणजे काहीतरी विचार करूनच केला असणार. मी सकाळी पुस्तकातली फ्लशची अकरा पानं पुन्हा वाचली. एका ठिकाणी त्यांनी खरंच मोघम लिहिलंय. तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता."

मी जागेवर आलो.

खालच्या खणात तो मूळ गठ्ठा होता. पान एकतीस काढलं. सातशे बाराव्या ओळीभोवती गोल होता, बरोबर होता.

तपकिरी होता.

एका बाजूनं फिका, दुसऱ्या बाजूनं जरा ओघळलेला. कडेला एक मुंगी चिकटून वाळली होती, बिचारी साखरेच्या आशेनं आलेली. कोड नऊशे ओळींचा होता आणि त्यातली एकही ओळ मी वाचली नव्हती. त्या दिवशी मी तो गठ्ठा मधेच उघडून, त्यावर कप ठेवून शब्दकोडं सोडवत होतो. आडवे सहा अडलं होतं म्हणून चहा निवला. नंतर मी सगळी पानं स्कॅनरमध्ये सारली, खाली 'तपासलं' असं लिहिलं आणि भजी खायला गेलो. स्कॅनरला रंग दिसत नव्हते. हर्षदानं विचारलं तेव्हा तीन शब्द बोलले असते तरी पुरे होतं: "चहा सांडला गं." पण एवढ्या मिशीतून एवढंसं वाक्य बाहेर पडेना.

आणि त्या मुंगीसकट डागात पोरीनं अकरा पानं वाचून अर्थ शोधला होता.

मी तिची दुरुस्ती उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच कोड वाचायला बसलो असं म्हटलं तर ती थाप नव्हे. सहा ओळी. एकदा वाचल्या. पुन्हा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीतून उठलो.

मग टपाल-यादीवर, सगळ्या जगाला दिसेल असं, उत्तर लिहिलं:

'ही दुरुस्ती या स्वरूपात मान्य नाही. आक्षेप पहिला: चूक करणाऱ्याचं नाव चुकीचं आहे. ते वसंत रामचंद्र देशिंगकर असं, पूर्ण, लिहावं. आक्षेप दुसरा: ओळ काढण्याचं कारण दिलेलं नाही. कारण असं की तपासणाऱ्यानं कोड वाचला नव्हता, त्यावर कप ठेवला होता. रंगीत फोटो सोबत. गोल चहाचा आहे. आक्षेप तिसरा: ओळ परत घातलीय, पण नाव खोडण्याच्या आधी. रखवालदार विसरेल, तेवढ्यात कुणी आलं तर वही उघडेल, जुनं नाव तिथंच सापडेल आणि पुन्हा पाठ करेल. आधी खोडा, मग विसरायला लावा.'

 पलीकडच्या टेबलापाशी हर्षदा उभी राहिली.

"अय्या सर! तिसरा खरंच बरोबर आहे की!"

"पहिले दोनही बरोबर आहेत," मी म्हणालो.

तिनं पडद्यावरचा फोटो मोठा केला. "सर, ही मुंगी आहे?"

"मुंगी आहे."

तिनं तोंडावर ओढणी धरली. रडतेय की काय म्हणून मी घाबरलो. पण खांदे ज्या तालात हलत होते तो रडण्याचा नव्हता.

साडेचारला मी नाक्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. त्यानं तीनदा विचारलं, "पक्कं?" मग दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. साक्षीदार नकोत म्हणाला.

पाचला केबिनमध्ये गेलो तेव्हा हर्षदा आधीच उभी होती. मगदूमशेठनी माझ्याकडे बघितलं. "कोन पायजे?"

"मी देशिंगकर."

"ते तिकडं बसत्यात. मिशी बगत जावा, सापडतील."

"शेठ, मिशी गेली. चूक माझी होती." आणि मी सगळं सांगितलं. कप सांगितला, शब्दकोडं सांगितलं, भजीही सांगितली.

शेठचं तोंड आधी लाल झालं, मग जांभळं. यंत्रानं त्यांना त्या वेळी नक्की बाद केलं असतं. ते बोलणार तेवढ्यात फोन वाजला. तात्यासाहेब हिंगमिरे. आवाज केबिनभर ऐकू येत होता.

"मगदूम, यंत्र पाठवून द्या."

"तात्यासाहेब, कालच्या परकाराबद्दल..."

"आवो ऐका तरी! आमची ही म्हनती, येवढं अचूक यंत्र जन्मात बगितलं न्हाई. सकाळपास्नं आरशासमोरनं हलंना. च्याबी सोनेरी ग्लासात पिली आज. घरात ऱ्हायचं आसंल तर मला यंत्र घ्यायला लागनार हाय."

शेठनी फोन ठेवला. टेबलावरची एक पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"शब्द म्हंजे शब्द," ते म्हणाले. "देशिंगकर आजपास्नं गेले."

"दादा!" हर्षदा पुढं झाली.

"तू गप. तू आपल्या जागंवर जा, वळ नीट घाल." मग माझ्याकडे वळले. "आनि तुमी कोन ते मला ठावं न्हाई. मी तुमास्नी वळखत न्हाई. पर उद्या सकाळी मला कोड वाचनारा एक मानूस पायजे. बिनमिशीचा. च्या त्यानं गेटबाहेर हुबा ऱ्हाऊन प्यायचा."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन रुजू व्हायला गेलो. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, कारण त्यानं मिशीवाला देशिंगकर पाठ केला होता. हर्षदा गेटवर आली आणि त्याला म्हणाली, "मामा, जुनं विसरा आता."

यादीवर चार-पाच उत्तरं आली. फिनलंडहून एकानं लिहिलं होतं, 'आमच्याकडे हे कॉफीनं होतं.'

आता मी पंचाहत्तरीकडे झुकलोय. मिशी पुन्हा वाढली, पण उजवं टोक कोल्हापूरपर्यंत पोचलं नाही, जयसिंगपुरातच थांबलं. मगदूमशेठनी कारखाना मुलीकडे सोपवला. हर्षदा आता अशा सगळ्या ड्रायव्हरांची जगातली राखणदार आहे. कोणत्याही देशातल्या कुणी काही बदल केला की तो तिच्या हाताखालून जातो, आणि ती माणसांना रडवते असं ऐकतो. सातशे बारावी ओळ आता कितवी झालीय कोण जाणे, पण आहे, आणि खोडण्याच्या नंतरच आहे.

वर्षातनं दोन-तीनदा तिचं पाकीट येतं. अवघड जागा असली की ती कागदावर छापून मला पाठवते, सर, एकदा वाचा म्हणते. मी वाचतो. सगळ्या ओळी वाचतो, लाल पेन्सिल घेऊन.

प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, कोडपासून चांगला चार बोटं लांब, तिनं एक रिकामा गोल छापलेला असतो. आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'सर, कप इथे ठेवावा.'